फाटकाचा दुसरा मोर

धुळ्यात पांझरेच्या काठी एक जुनी बाग आहे. तानुबाई तिथे चोवीस वर्षं माळीकाम करत होती. बागेचं फाटक इंग्रजांच्या काळातलं, बिडाचं ओतीव. डाव्या दारावर द्राक्षाची वेल आणि वेलीखाली मान वळवलेला मोर. त्याच्या जोडीचं उजवं दार फार पूर्वी पुरात वाहून गेलेलं. त्या जागी साधं पाइपाचं दार होतं. दर दिवाळीला मोर रंगवून रंगवून त्याचं पीस न् पीस तिच्या बोटांना पाठ झालं होतं. आता दोन्ही दारं काढून स्टीलचं चकचकीत फाटक बसवायचं ठरलं, तेव्हापासून तिचं कशातच लक्ष लागेना.

त्याच आठवड्यात ती भाचीच्या साखरपुड्याला नदीच्या खालच्या अंगाच्या खेड्यात गेली. हात धुवायला मागच्या दारी आली, तर शेजारच्या भाईदास आबांच्या शेळ्यांच्या वाड्याला एक जड लोखंडी दार. सगळं शेणामातीनं भरलेलं, पण एका कोपऱ्यात पिसाचं टोक उघडं पडलेलं. तानुबाईनं नव्या लुगड्याचा पदर खोचला आणि माती खरवडायला बसली. वेल निघाली, मग मान निघाली. तिनं तिथूनच हाक मारली.

"आबा, हाऊ ते आमना बागना मोर शे!"

आबांनी सांगितलं, पूर ओसरल्यावर त्यांच्या वडिलांनी बैल लावून हे गाळातून ओढून काढलं. कुणाचं ते कधी कळलंच नाही. न्यायला हरकत नव्हती, पण शेळ्यांना दार हवं होतं. तानुबाई लगेच म्हणाली, बागेचं पाइपाचं दार तुम्हाला मिळवून देते.

बागेचे पर्यवेक्षक हितेंद्र यांना तिनं फोन केला. त्यांना आधी ते खरंच वाटेना. तिनं फोटो पाठवला, तसा त्यांचाच फोन आला.

"अक्का, तिथून हलू नका. मी निघालोच."

हितेंद्रनी वरिष्ठांच्या मागे लागून नवं फाटक रद्द करवलं आणि अदलाबदलीची परवानगीही आणली. चौथ्या दिवशी मोर ट्रॅक्टरमधून बागेत आला. मोतीलाल मिस्त्रीनं जुन्या खांबावरच्या बिजागऱ्या घासून तेल दिलं आणि सहा जणांनी दार उचललं. ते पहिल्याच झटक्यात बसलं. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही मोर समोरासमोर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला तानुबाई बाहेरच थांबवत होती. आधी फाटक बंद करून दाखवायची, मगच आत सोडायची.