कावीळ उतरलेले सर

विषाणू शिकवताना सर आधी वर्गातला दिवा बंद करत, मग चालू करत आणि विजयी मुद्रेने विचारत, "बटण कोणाचां? आमचां! बोट कोणाचां? तेचां!"

कणकवलीच्या कॉलेजात मी त्यांच्या शेजारच्याच वर्गात रसायनशास्त्र शिकवायचो. विषाणूजवळ स्वतःच्या जीनपलीकडे फारसं काही नसतं. आपल्या पेशीतले जीन चालू-बंद करणारी यंत्रणाच तो कामाला जुंपतो, आणि पेशी मुकाट्याने त्याच्या प्रती काढत बसते. हे सांगताना सर असे रंगात येत, की आम्ही छेडायचो, "सर, ह्यो तुमचो जावय काय?"

ते तोंडवलीचे, ख्रिस्ती. लहानपणी त्यांना कावीळ झाली, तेव्हा गावातल्या एका बाईने चुन्याच्या पाण्यात त्यांचे हात धुऊन ती उतरवली होती. पाणी पिवळं झालं, आई निर्धास्त झाली. उतरवणाऱ्याने स्वतःच्या हाताला आधीच चोळलेल्या झाडाच्या सालीचा तो रंग असतो, हे सर मुलांना प्रयोग करून दाखवत. पण स्वतःचं रक्त तपासावं, हे त्यांना कधी सुचलं नाही. मलाही नाही. इतके शिकलेले आम्ही!

पुढे सरांचे गुडघे धरले. कोणीतरी पुड्या दिल्या आणि सर जिने चढू लागले. थोड्याच दिवसांत डोळे पिवळे झाले. पुड्यांत स्टेरॉइड होतं. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू इतकी वर्षं यकृतात दबून होता. स्टेरॉइडने शरीराचा पहारा ढिला केला आणि त्या विषाणूच्या जीनलाही जोर दिला, असं डॉक्टर म्हणाले. सरांनी ते विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं. मला ते बघवेना.

"ह्यो आवशीकडसून इलो आसतलो," ते आईची आठवण काढून मला म्हणाले. "भयणीक तपासूक व्हर. येळेर कळला तर औषधा आसत."

बहीण ऐकेना. "माका कधी कावीळ जावक नाय," एवढंच म्हणायची.

सर गेले. मातीनंतर चर्चच्या आवारात मी पुन्हा विषय काढला, हा विषाणू जन्मताना आईकडून मुलांत येतो हेही सांगितलं. या वेळी ती मुलीला घेऊन माझ्याबरोबर तपासणीला आली.

तिच्या रिपोर्टमध्ये तोच विषाणू निघाला. रोज गोळी घ्यावी लागेल, घाबरू नका, असं मी सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं.

"आवशीकडसून येता म्हणालास मां?" तिने विचारलं.

शेजारी बसलेली मुलगी उठली आणि बाही वर करू लागली.