छाती जानेवारीत आहे

निवृत्त माणसाकडे किस्से कसे साठतात, हे मला नोकरीत असताना कळलं नव्हतं. कचेरीत फायली साठायच्या, पण त्या निदान शेजारच्या टेबलावर ढकलता यायच्या. किस्से ढकलायला टेबल नसतं. ते संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमधल्या सिमेंटच्या बाकावर जमा होतात आणि तिथेच राहतात.

आमची सोसायटी पंचवटीत, मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे. बाकावर आम्ही तिघं. एक मी. दुसरे गुरुजी, म्हणजे रामकुंडावर अस्थिविसर्जन आणि पुढचे विधी करणारे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. तिसरे अण्णा. अण्णांनी दिंडोरीची द्राक्षबाग मुलावर सोपवली आहे. सोपवली आहे म्हणजे मुलाने फवारणी कशी करावी हे ते रोज सकाळी फोनवर त्याला ओरडून सांगतात, आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू येतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या ऋतुजाला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि आमच्या बाकाला नवा विषय मिळाला.

तिच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बाकावर ही मुलगी एकदा बोलायला लागली की थांबत नाही. पण परीक्षक समोर बसला की तिचं तोंड शिवल्यासारखं बंद होतं. कॉलेजातल्या पहिल्याच तोंडी परीक्षेत सरांनी नाव विचारलं, तर तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. वर्षाच्या शेवटी मोठी तोंडी परीक्षा होती आणि बाहेरगावचे परीक्षक येणार होते. तिथे असं झालं की वर्ष गेलं. एवढी एक काळजी सोडली तर बाकी सगळी मजाच होती.

* * *

प्रवेशाचे पेढे वाटायला ऋतुजा खाली आली. गुरुजींनी पेढा तोंडात टाकला, गिळला आणि लगेच जीभ बाहेर काढली.

"जिभेवर हा पांढरा थर कशाचा, बघ जरा."

ऋतुजा म्हणाली, "गुरुजी, कॉलेज सोमवारी सुरू होणार आहे."

गुरुजींनी जीभ आत घेतली. "म्हणजे सोमवारपर्यंत असंच राहायचं?"

* * *

मेडिकलचा अभ्यास अवयवांच्या क्रमाने होतो, हे आम्हाला ऋतुजामुळे कळलं. आधी हात, मग पाय, मग छाती, मग पोट. मेंदू सगळ्यात शेवटी. आमच्या सोसायटीत मेंदूची कुणालाच घाई नव्हती, त्यामुळे तक्रार आली नाही. गुडघ्यांची मात्र होती.

आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात गुडघे पुढे केले. ऋतुजाने अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं, "काकू, आम्ही अजून कोपरापर्यंतच आलोय. पाय दिवाळीनंतर आहेत." आमच्या हिने ही तारीख डॉक्टरची अपॉइंटमेंट असावी तशी लक्षात ठेवली. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मध्यंतरी गुडघे बघतो म्हटलं, तर त्यांना म्हणाली, "नको, आमचे दिवाळीनंतर आहेत."

मग एका रविवारी दुपारी माझ्या छातीत दुखायला लागलं. मी जिन्यात बसलो. ऋतुजा वर चालली होती. मी म्हटलं, "अगं, छातीत दुखतंय."

तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काका, छाती जानेवारीत आहे."

मग तिलाच ते ऐकू गेलं. ती पांढरीफटक पडली आणि तिने अण्णांना गाडी काढायला लावली. दवाखान्यात कार्डिओग्राम निघाला. त्यात माझ्या सकाळच्या मिसळीखेरीज काहीच सापडलं नाही. डॉक्टरांनी हसत घरी पाठवलं. आमची ही मात्र हसली नाही. घरात पाऊल टाकताच तिने निकाल दिला, "आता जानेवारीपर्यंत मिसळ बंद."

* * *

या मुलांना अभ्यासाला खऱ्या माणसाची हाडं घरी आणावी लागतात. ऋतुजाने एका सीनियरकडून पेटीभर आणली. नवरात्र तोंडावर होतं, घरी घट बसणार होते. तिची आई म्हणाली, "या घरात एक तर हाडं राहतील, नाहीतर मी."

सोसायटीत कुणी पेटी ठेवून घेईना. एरवी शेजाऱ्यांच्या घरात डोकावायची संधी न सोडणाऱ्यांनी त्या दिवशी दारं लावून घेतली. शेवटी गुरुजी पुढे आले. म्हणाले, "दे इकडे. आमचं रोजचंच आहे."

पेटी त्यांच्या गॅलरीत गेली. गुरुजींनी झाकण उघडून आत पाहिलं आणि धंद्यातला पहिला प्रश्न विचारला, "यांचं नाव काय? गोत्र?"

ऋतुजा म्हणाली, "माहीत नाही गुरुजी. आणि हे एकच कुणी नाहीत. हा दंड एका बाईंचा असावा. ही मांडी एका पुरुषाची, ही दुसरी मांडी आणखी कुणाची. कवटी तर फारच म्हाताऱ्या माणसाची आहे."

गुरुजींनी पेटीतलं एकेक हाड बोटाने मोजलं. मग समाधानाने मान डोलावली.

"म्हणजे एकत्र कुटुंब आहे."

* * *

अण्णांचे प्रश्न वेगळ्या जातीचे असायचे. आंघोळीत बोटांना सुरकुत्या पडतात, मग पोटाला का नाही? आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू का येत नाही? ऋतुजा त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं द्यायची. एकदा अण्णांनी विचारलं, एकाने जांभई दिली की दुसऱ्याला का येते. हे विचारताना त्यांनी स्वतः दिली, मग गुरुजींनी, मग मी.

ऋतुजा जांभई आवरत म्हणाली, "अण्णा, याचं नक्की कारण अजून कुणालाच माहीत नाही."

"कुणालाच नाय?"

"नाही."

अण्णा जरा नाराज झाले. "आता एवढं तर मलाबी माहीत नाय. त्यासाठी शिकाया कशाला जायचं?"

* * *

छातीचा महिना आला तेव्हा गुरुजींचा आणि ऋतुजाचा वाद झाला. हृदय डावीकडे असतं, असं गुरुजींचं ठाम मत. ते जवळजवळ मध्येच असतं, फक्त टोक डावीकडे झुकलेलं असतं, असं ऋतुजाचं. गुरुजी म्हणाले, "घाटावर लोक माझ्यासमोर रोज रडतात. सगळे डाव्या बाजूला हात ठेवून रडतात. ते सगळे चुकीच्या जागी रडतात का?"

ऋतुजाने पडतं घेतलं. "नाही, साधारण बरोबरच आहे. थोडं उजवीकडे घ्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी चांदवडहून आलेला एक मनुष्य वडिलांच्या अस्थी सोडून घाटाच्या पायरीवर बसला आणि छातीवर हात ठेवून हमसून रडायला लागला. गुरुजींचं मन फार कोवळं आहे. ते त्याच्याजवळ गेले, खाली वाकले आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला.

म्हणाले, "बाळा, थोडं उजवीकडे."

* * *

परीक्षा जवळ आली तशी बाकावरची ऋतुजा कमी झाली. भेटली तरी घाईत असायची. एकदा मीच तिला थांबवलं. ती जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणाली, "काका, मला सगळं येतं. पण समोर ते बसले की डोक्यातलं जिभेवर उतरतच नाही. या वेळीही तसंच झालं तर मी हे सोडणार आहे. घरी अजून बोललेली नाही." तिच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून मीही केली नाही.

बाकाने सर्वानुमते ठरवलं की पोरीची भीती मोडायची. दुसऱ्या संध्याकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. गुरुजी लग्नातला कोट घालून परीक्षक झाले. मी त्यांच्या शेजारी कपाळाला आठ्या घालून बसलो. ऋतुजा समोर बसली आणि हसत हसत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत गेली. अडचण एवढीच होती की तिला आमची भीतीच वाटेना. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. मी जन्मभर कारकून होतो, माझ्या आठ्यांना शिपाईसुद्धा घाबरला नव्हता.

शेवटी अण्णांना बसवलं. म्हटलं, तुमचा आवाज मोठा आहे, जरा दरडावून विचारा. अण्णांनी टेबलावर मूठ आपटली, मिशीवरून हात फिरवला आणि दरडावून विचारलं, "पोरी, जेवलीस का?"

* * *

तोंडी परीक्षेच्या दिवशी अण्णांनी तिला जीपने कॉलेजला नेलं. मीही गेलो. आम्ही दोघं हॉलबाहेरच्या बाकड्यावर बसलो. ऋतुजा आत गेली. थोड्या वेळाने दार उघडून शिपाई बाहेर आला.

"अण्णा कोण?"

अण्णा उठले. मीही उठलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण हातात घडी घातलेला कागद असला की अशा इमारतींत कुणी अडवत नाही. माझ्या हातात वर्तमानपत्राची पुरवणी होती.

आत काय झालं होतं ते शिपायानेच नंतर सांगितलं. बाहेरगावच्या परीक्षकांनी मनगटातून जाणाऱ्या नसेबद्दल विचारलं. ऋतुजा गप्प. त्यांनी सोपं करून विचारलं. गप्प. बिचाऱ्यांनी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि पुन्हा गप्प. शेवटी ते म्हणाले, "तुला जे येतं ते सांग." तेव्हा तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "सर, आमचे अण्णा बाहेर बसलेत."

परीक्षकांनी चष्मा काढला. "वशिला आणलाय?"

"नाही सर. हात आणलाय."

अण्णांनी उभ्या आयुष्यात द्राक्षांची छाटणी स्वतःच्या हाताने केली. कात्री दाबून दाबून त्यांच्या उजव्या हाताची बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. तरी छाटणीला ते अजून जातात, कारण मुलाची छाटणी त्यांना बघवत नाही. त्या हाताबद्दल ते ऋतुजाला किती वेळा विचारत आले आहेत, याला गणती नाही. दर वेळी तिचं उत्तर एकच, "अण्णा, इलाज पुढे शिकवतात, माझं अजून पहिलंच वर्ष आहे."

अण्णा टेबलाशी बसले आणि हात पुढे केला. ऋतुजाने तो नेहमीसारखा आपल्या हातात घेतला, आणि तिची जीभ सुटली.

"अण्णा, मी दाबते, अंगठा खाली जाऊ देऊ नका. बघा, जातोय. इथे मनगटाशी आडवा पट्टा असतो, त्याच्याखालून नस जाते. ती दबली की या बोटांना मुंग्या येतात. करंगळीला येत नाहीत, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. आणि अंगठ्याखालचा हा उंचवटा बघा, चपटा झालाय."

परीक्षक प्रश्न विचारत होते. ती उत्तरं अण्णांना देत होती. तिने एकदाही परीक्षकांकडे पाहिलं नाही. अण्णा मध्ये मध्ये "बरं", "आसं हाय का" म्हणत होते. परीक्षकांनी मनगटापासून सुरुवात करून खांद्यापर्यंत विचारलं आणि शेवटी गुणांच्या रकान्यात आकडा लिहिला. समोरच्या टेबलावरचं उलटं वाचायची मला नोकरीपासून सवय आहे. वाचलं आणि माझ्या छातीतला, मध्यापासून किंचित डावीकडचा, ठोका ठिकाणावर आला.

"छान. या आता," परीक्षक म्हणाले.

ऋतुजा उठली. अण्णा उठले नाहीत. त्यांचा हात अजून टेबलावरच होता.

"साहेब, समदं पटलं. पर या मुंग्या जातील कशानं?"

परीक्षक ओशाळून हसले. "ते मला विचारू नका. कुठली नस कुठून जाते एवढंच मी सांगतो. इलाज आमच्याकडे नसतो."

अण्णांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. मग दुखरा हात उचलून हळूच त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"म्हंजी साहेब, तुमचंबी अजून पहिलंच वर्ष हाय का?"