चालीचे दोन गुण

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघींनी विचारलंत, "आजी, तुमच्याकडे कधी सौंदर्यस्पर्धा झाली का?" आईला विचारलं तर ती म्हणाली, "आजीलाच विचारा." ती असं का म्हणाली ते मला माहीत आहे. हल्ली फोनवर फार बोलवत नाही, म्हणून लिहून पाठवते.

झाली होती, एकदाच. आपल्या मुली जगाचे मुकुट जिंकून आल्या आणि पुढच्या काही वर्षांत कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मांडवात, जिथे तिथे अशा स्पर्धा निघाल्या. नांदूरघाटच्या बाजारात गोरं होण्याचं क्रीम आलं. आमच्याकडे तेव्हा टँकर तीन दिवसांआड यायचा. क्रीम दुकानात होतं, तोंड धुवायला पाणी नव्हतं.

त्याआधी आमच्याकडे सौंदर्य तपासलं जायचं ते मुलगी बघायच्या कार्यक्रमात. "जरा चालून दाखव, बाळ." इंग्रजी घेऊन बी.ए. झाल्यावर मीही चार घरांच्या माणसांसमोर चालून दाखवलं होतं. त्यामुळे स्पर्धेचं मला नवल वाटलं नाही. फरक एवढाच, की इथे हातात पोह्यांच्या बशा नव्हत्या.

गावच्या दूध सोसायटीचा महिला मेळावा होता. चेअरमनच्या पत्नी, आम्ही त्यांना चेअरमनबाई म्हणायचो, मी शिकवत होते त्या शाळेत आल्या.

"मॅडम, परीक्षक तुमीच. तुमी इंग्लिश शिकलेल्या, तुमाला कळंल काय बघायचं ते."

"माझी मुलगी भाग घेणार म्हणते आहे."

"मग तर लई चांगलं झालं! घरचीच हाय की."

तो 'घरचीच' शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

पहिलं बक्षीस होतं थर्मोकोलचा मुकुट आणि पाणी साठवायला दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप. सगळ्या बायकांचा डोळा पिंपावर होता. तुमच्या आईला मुकुट हवा होता. सतरा वर्षांची होती ती. पाच दिवस तिने अर्ध्या बादलीत अंघोळ केली आणि रोज तांब्या-तांब्या पाणी कळशीत बाजूला ठेवलं, केस धुवायला. मी ते बघत होते.

स्पर्धा दुपारी, दूध गोळा करायच्या शेडमध्ये झाली. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक म्हणून गुरांचे डॉक्टर होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आम्हाला एकेक छापील तक्ता दिला. वर रकाने होते: चाल, बांधा, रंग, दात, स्वभाव, दूध.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"जनावरांच्या प्रदर्शनातले उरलेत, मॅडम. 'दूध' खोडलंय मी."

"आणि दात?"

"ऱ्हाऊ द्या की. हसल्यावर दिसतेतच."

डॉक्टर म्हणाले, "माझं तर बरं झालं. सवयीचा कागद हाय."

मी सेक्रेटरींना म्हणाले, "खाडाखोड केलीत ना, मग शेजारी सही करा." त्यांनी दोन्ही तक्त्यांवर सही केली. त्या दिवशी मी नीट केलेलं काम तेवढंच.

नाव पुकारायच्या आधी तुमची आई पदर सारखा करत माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, मला जास्त देऊ नको. पण कमी पण देऊ नको."

मग ती चालली. केस कमरेपर्यंत मोकळे होते. तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "बगा गं, मॅडमची पोरगी! पयला नंबर तर घरातच गेला!" सगळी शेड हसली. मी मान वर केली नाही. चालीच्या रकान्यात दहापैकी दोन लिहिले.

डॉक्टरांनी तिला चालीला नऊ दिले होते. बेरजेत ती तिसरी आली. मुकुट आणि पिंप एका मेंढपाळाच्या सुनेला मिळालं. तिच्या घरी पाण्याचं भांडं धड नव्हतं, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले.

निकालानंतर तक्ते कुणालाच नको होते. सवयीप्रमाणे मी ते घरी आणून फायलीला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आईने फाईल उघडली.

"चालीला दोन?"

"लोक काय म्हणाले असते?"

"लोकांना नव्हतं विचारलं मी. तुला विचारलं होतं."

ती भांडली नाही. पण तेव्हापासून ती माझ्या पुढे चालत नाही. बाजारात, लग्नात, मागच्या खेपेला विमानतळावरसुद्धा म्हणाली, "आई, तू हो पुढं." मी पुढे होते. इतक्या वर्षांत तिला नीट चालताना मी पाहिलेलं नाही, आणि आता मागे वळून बघायचं म्हटलं तर मान वळत नाही.

काल ती फाईल काढली. कागद पिवळा पडलाय, सेक्रेटरींची सही शाबूत आहे. दोन खोडून मी आठ लिहिले. नऊ नाही. वळताना ती जरा घाई करायची, आणि जास्त देऊ नको असं तिनेच सांगितलं होतं. शेजारी सही केली.

तक्ता या पत्रासोबत ठेवला आहे. आईच्या हातात द्या. ती काही बोलली नाही तर विचारू नका.