आठवीचा दाखला

"वाच रं. मोठ्यानं वाच. पाव्हण्यांना ऐकू दे."

मालकाच्या शेतात हुरडा चालला होता. आगटीभोवती चटया अंथरलेल्या. शहरातून आलेले सात-आठ पाहुणे, सगळे मालकाच्या नात्यातले. मी ट्रक धुऊन झाडाखाली बसलो होतो. हाक आली म्हणून गेलो. वाटलं, कणसं आणायला सांगतील. मालकानं चटणीखालचा पेपरचा तुकडा ओढला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

मला वाचता येत होतं. पण पाचवीपर्यंतचं. साधे शब्द सरळ जायचे. जोडाक्षर आलं की भरली गाडी चिखलात रुतावी तसं व्हायचं. 'कार्यक्षेत्र' या शब्दापाशी मी अडकलो. मागं आलो, पुन्हा गेलो, पुन्हा अडकलो.

आधी एक बाई हसली. मग सगळेच.

"आठवी पास हाय बरं का हा," मालक म्हणाले. "सरकारी शिक्क्यानं पास."

"मग रस्त्यावरच्या पाट्या कशा वाचतो हो?" एका पाहुण्यानं विचारलं.

"वाचायला कशाला पायजे? धनगराचं पोरगं ते. वासानं चालतं, मेंढरामागं चालल्यावानी."

मी कागदाची घडी घातली. का घातली, माहीत नाय. घडी चटईवर ठेवली. मालकानं ओंजळभर हुरडा माझ्यापुढं धरला. सगळे बघत होते. मी हात पुढं केले आणि तो हुरडा खाल्ला.

हेच मला आजवर डाचतं. ते हसले ते नाय. मी खाल्ला ते.

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. गाव कन्नड तालुक्यात. नऊ वर्षं लासूर स्टेशनच्या या मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पोलिस ॲक्शननंतर, निजाम गेल्यावर, गावात शाळा आली, असं बाप सांगायचा. गावात आली. पण आम्ही गावात कधी असायचो? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाटाखाली, पावसाळ्याच्या तोंडावर परत. मी मामाकडं राहून पाचवीपर्यंत शिकलो. मग बापाला दम्यानं धरलं आणि मेंढरांमागं माणूस पाहिजे झाला. गुरुजींनी माझ्या नावापुढं 'सतत गैरहजर' लिहिलं आणि नाव कमी केलं. गैरहजर होतो तेव्हा कुठं होतो, हे कुणी विचारलं नाय.

गाडी मी विशी ओलांडल्यावर शिकलो, खालेकभाईंकडं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. खालेकभाई तिथले जुने ड्रायव्हर. भरली गाडी घाट उतरवताना कोणता गियर ठेवायचा, ब्रेक तापायच्या आधी कसला वास येतो, वळणावर समोरच्याचा हॉर्न कसा ओळखायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. हात बसला. पण जड गाडीच्या परवान्याला आठवी पास लागायची. नियम होता. माझ्याकडं पाचवी होती आणि दारावर आठवी लिहिलेलं होतं.

मालक म्हणाले, "तू निस्ती सही कर. बाकी दिवाणजी बघतील."

दिवाणजी म्हणजे मालकाची कागदपत्रं सांभाळणारा माणूस. आठ दिवसांत त्यानं दाखला आणला. लांबच्या कुठल्यातरी गावच्या शाळेचा. गोल शिक्का, मुख्याध्यापकाची सही, खाली माझं नाव. अर्जाच्या दिवशी आरटीओच्या खिडकीपासून चार पावलांवर त्यानं तो माझ्या हातात दिला आणि खिडकीपासून चार पावलं मागं आल्यावर परत घेतला. परवाना आला. बिल्ला आला. बिल्ला माझ्या छातीवर, परवान्याची झेरॉक्स माझ्या खिशात. मूळ कागद सगळे मालकाच्या कपाटात.

"तू हरवशील," मालक म्हणाले.

मला बरं वाटलं होतं. मालक आपलं जपतात, असं वाटलं होतं.

हुरड्याच्या दिवशी पहिल्यांदा शंका आली. 'सरकारी शिक्क्यानं पास' म्हणताना मालकानं डोळा बारीक केला होता. म्हणजे ही गोष्ट त्यांनी आधीही कुणाकुणाला सांगितली असणार. आज हसायला सांगितली. उद्या दुसऱ्या कशाला सांगतील.

पुढच्या खेपेला शहरात खालेकभाईंना गाठलं. चहा घेता घेता सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

"दाखला किसके पास है?"

"मालकाकडं."

"कागज उसके पास, गर्दन तेरी," ते म्हणाले. "जिस इस्कूल का दाखला है, वो इस्कूल देखा क्या कभी?"

बघितली नव्हती. नऊ वर्षांत कधी मनातच आलं नाय.

महिन्याभरानं खताची गाडी त्या शाळेच्या बाजूला निघाली. मी वाट वाकडी केली. गाव छोटं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं लिंबाचं झाड, पोरं पाढे म्हणत होती. एक तरुण गुरुजी बाहेर आले.

"गुरुजी, आठवीचा वर्ग कोणत्या खोलीत बसतो?"

"आठवीचा? अहो, इथं चौथीपर्यंतच शाळा आहे. पहिल्यापासून. का, कुणाचा दाखला पाहिजे होता?"

"भावाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडं बघितलं. मी निघालो तर फाटकापर्यंत मागं आले. गाडीचा नंबर बघायला आले, असं मला वाटलं. कदाचित माणुसकीनं आले असतील. पण तिथून पुढं मला कुणाचंच चालणं-बोलणं सरळ दिसेना. नाक्यावर पोलिसानं हात केला की मी आधी खिशातली झेरॉक्स चाचपायचो. दिवाणजी हसला की वाटायचं, माझ्यावरच हसला. पाठीमागून गाडी येत राहिली तरी मी आरशातून तिचा चेहरा बघायचो. नऊ वर्षं एकही अपघात नाय केलेला माणूस मी. आणि चोरासारखा गाडी चालवत होतो.

मालकाचा थोरला मुलगा त्याच साली ट्रकवर बसायला लागला. आम्ही त्याला छोटे मालक म्हणायचो. दहावी पास, खरोखरचा. जड गाडीचा परवाना त्यालाही मिळाला होता. त्याची परीक्षा कुणी घेतली, कधी घेतली, ते ट्रकला ठाऊक नव्हतं. क्लच सोडताना गाडी त्याच्या हातात हरणासारखी उडायची. पण त्याच्या कागदात खोट नव्हती.

बाजाराचा दिवस. सकाळचे दहा-साडेदहा. लासूरच्या बाजारात मक्याची पोती उतरवायची होती. मी हौद्यावर चढून ताडपत्रीचा दोर सोडत होतो. चावी गाडीलाच होती. छोटे मालक आले आणि केबिनमध्ये चढले.

मी वरून ओरडलो, "थांबा! मागं माणूस हाय!"

गाडी मागं उसळली. खालून एक आवाज आला. तो मी लिहू शकत नाय.

काशिनाथ हमाल. गोदामाची भिंत आणि गाडीचा मागचा फळका यांच्या मध्ये. मी उडी मारली. छोटे मालक केबिनमध्ये स्टिअरिंग धरून नुसते बसले होते. गाडी मीच पुढं घेतली. काशिनाथला जीपमध्ये घालून शहरात दवाखान्यात नेलं. उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

दवाखान्याच्या जिन्यात त्याची बायको बसली होती. मी जवळ गेलो. तिनं वर बघितलं.

"भाऊ, खरं सांगा. गाडी तुम्हीच मागं घेतली ना?"

"नाय वहिनी. मी वर होतो. दोर सोडत होतो."

"समदे म्हणत्यात ड्रायव्हरनं घेतली."

तिचा विश्वास बसला नाय. का बसावा? ड्रायव्हर तर मीच होतो.

संध्याकाळी मालकानं बोलावलं. खोलीत मालक, दिवाणजी, कोपऱ्यात छोटे मालक. टेबलावर लिहून ठेवलेला कागद.

"सही कर," मालक म्हणाले.

मी कागद उचलला आणि वाचायला लागलो. बोट ठेवून. एकेक ओळ. मालकानं दोनदा घड्याळात बघितलं.

"वाचतोस काय? तुला काय कळतं त्यातलं?"

मी वाचत राहिलो. जोडाक्षरं आली. थांबलो, फोडली, पुढं गेलो. त्या खोलीत कुणी हसलं नाय. कागदात लिहिलं होतं की मी परवानाधारक चालक, गाडी मी मागं घेत होतो, माझं लक्ष नव्हतं, माझ्या निष्काळजीपणामुळं अपघात झाला. निष्काळजीपणामुळं. हा शब्द मी तीनदा वाचला.

"मी वर होतो," मी म्हणालो.

"ते आम्हाला माहीत हाय. पण पोराचं लग्न ठरतंय. तू दोन-चार तारखा खाशील, सुटशील. घरदार आम्ही बघू."

"मी सही नाय करत."

मालक उठले. कपाट उघडलं. माझा दाखला काढून हलवला.

"हा कुणाचा? मी एक शब्द बोललो तर हर्सूल. जेल बघितली का हर्सूलची?"

मी घाबरलो होतो. हे लपवत नाय. पण त्या घडीला एक गोष्ट लख्ख दिसली. नऊ वर्षांपूर्वी दाखला काढला तो मला ड्रायव्हर करायला नाय. अशा एखाद्या दिवसासाठी माणूस बांधून ठेवायला काढला होता.

"हर्सूल बघू," मी म्हणालो. "पण गाडी मागं घेतली ती तुमच्या पोरानं. ते बी सांगीन."

छातीवरचा बिल्ला काढून मी खिशात टाकला. टेबलावर ठेवला नाय. तो माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः पोलिसात गेलो. दोन्ही गोष्टी सांगितल्या. दाखला खोटा आहे, मला माहीत असून वापरला. आणि गाडी मी मागं घेतली नाय. समोरच्या साहेबानं पेन खाली ठेवलं.

"खोट्या दाखल्यावर परवाना काढणारा तू. आणि तुझं बाकीचं खरं मानायचं?"

"दोन्ही लिहून घ्या साहेब. एकच लिहू नका."

मालकानं जबाब दिला की ड्रायव्हरनं आम्हालाच फसवलं, दाखला त्यानंच आणला. दिवाणजीनं हो म्हटलं. मी अकरा दिवस हर्सूलच्या जेलमध्ये होतो. परवाना रद्द झाला. पुढं कोर्टानं कबुलीचा विचार करून मला समज देऊन सोडलं. दाखला करून देणाऱ्याचं नाव कुठंच आलं नाय.

बाहेर आलो तर कुणी मालक गाडीजवळ उभं करीना. काम दिलं ते हमालांनी. काशिनाथच्याच टोळीनं. त्यांनी बाजारात सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, पण साक्षीला आले फक्त दोघं. बाकीच्यांना रोज त्याच गोदामांवर जायचं होतं. मी त्यांना दोष देत नाय. मी स्वतः हुरडा खाल्लेला माणूस.

शहरात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई रविवारी मोठ्या माणसांना शिकवायच्या. मी जायला लागलो. पहिल्या दिवशी मी त्यांनाही विचारलं, "बाई, तुम्हाला यात काय मिळतं?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शंका घेताय ते बरंय. गणितातही घ्या." बाहेरून आठवीच्या परीक्षेला बसलो तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. पास झालो. आज पेपर असो की कोर्टाचा कागद, मी न अडखळता वाचतो.

नवा दाखला घेऊन परवान्याच्या खिडकीवर गेलो. कारकुनानं जुनी नोंद बघितली, मग दाखला उजेडासमोर धरला.

"हा तरी खरा का?"

रांगेत माझ्यामागं एक पांढऱ्या शर्टातला उभा होता. त्यानं बाजूनं हात घालून दिलेला दाखला कारकुनानं उजेडासमोर धरला नाय. मी खिडकीपासून हललो नाय. म्हणालो, "शाळेला लिहून विचारा. उत्तर येईस्तोवर मी रोज येऊन बसतो." सतरा दिवस बसलो. परवाना मिळाला. घेताना धन्यवाद म्हणालो नाय.

आता ती आठवीची अट सरकारनं काढून टाकली. लोक म्हणाले, तुझ्यासारख्यांचं भलं झालं. मला आनंद करता आला नाय. अट होती तेव्हा दाखला मालकाच्या ताब्यात. अट गेल्यावर ताब्यात ठेवायला ते दुसरं काहीतरी शोधतील. नियम कुणाच्या सोयीनं येतो आणि कुणाच्या सोयीनं जातो, हे मी तपासून बघतो. नव्या ड्रायव्हरांनाही तेच सांगतो. परवाना स्वतःच्या हातात ठेवा. न वाचता सही करू नका. समोरचा घाई करत असला तर आणखी सावकाश वाचा.

काशिनाथचा मालकावरचा भरपाईचा दावा अजून चालू आहे. कुबड्या घेऊन तो तारखेला येतो. त्याची बायको आता माझ्याशेजारी बसते. दर वेळी मालकाचा वकील मला उभा करून पहिला प्रश्न तोच विचारतो. खोटा दाखला वापरला होता का? लोक वळून बघतात. तो मला लाजेनं बसवायला बघतो.

मी बसणार नाय. पुढच्या तारखेलाही जाणार, त्याच्या पुढच्याही. हो, वापरला होता, असं मोठ्यानं सांगणार. आणि तो वकील खाली बसायच्या आत सांगणार की गाडी कुणी मागं घेतली. नाव घेऊन सांगणार. लिहिणाऱ्यानं ते नाव लिहीपर्यंत मी पिंजऱ्यातून उतरणार नाय.