दहा पावलं मागून

चिखलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ नावाला, फोटो काढणं कमी आणि आलेले फोटो लहान-मोठे करणंच जास्त! कॉम्प्युटर भरला की जुने फोटो डिलीट करता येतात, किस्से मात्र साठतच जातात. चार मित्र बसले की मग एकेक निघतो.

उंद्रीच्या कौसाकाकूंचा मी नेहमी शेवटी ठेवतो. काकूंचे यजमान गेले आणि घरात त्यांचा एकही फोटो सापडेना. होता तो एकच, पुतणीच्या लग्नातला, कुणाच्या तरी मोबाइलवर. मागे पंगतीत बुंदी वाढताना, चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा. काकूंना तो भिंतीवर मोठा करून हवा होता. पण त्याआधी आमच्या दुकानाची तऱ्हा ऐका.

* * *

पिंपळगाव राजाच्या एका काकांचा फोन आला. मुलीचा भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता आणि साइट फोटो घेत नव्हती. मी सांगितलं, फोटोची साइज जास्त होतेय, कमी करावी लागेल.

दुसऱ्या दिवशी काका मुलीला घेऊन हजर. हातात पासपोर्ट फोटो, कात्रीनं चारही बाजूंनी कापलेला. पोरीचे कान गेले होते, हनुवटी थोडक्यात वाचली होती.

"आता बसन ना फॉर्मात?"

माझा भागीदार गजूभाऊ हसला नाही. त्यानं मुलीला खुर्चीवर बसवून नवा फोटो काढला, केबी कमी केले आणि फॉर्मवर चढवला. निघताना काकांनी तो कापलेला फोटो परत मागितला आणि आपल्या पाकिटाच्या खणात सरकवला. तिथं तो बरोबर बसला!

* * *

एका पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. पोरगा काडीसारखा, फोटो उभा आणि फ्लेक्स आडवा. घाईत गजूभाऊनं फोटो दोन्ही बाजूंनी ताणला आणि छापून मोकळा झाला. चौकात लागल्यावर आमच्या लक्षात आलं, गाल दोन्हीकडे पसरलेले!

दुपारी पोराची आई दुकानात आली. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. तिला त्याच फोटोची फ्रेम हवी होती.

"पहिल्यांदाच अंगानं भरलेला दिसून राह्यला माहा पोरगा," ती म्हणाली.

* * *

व्हॉट्सॲपचे सहा ग्रुप फिरून आलेला फोटो मोठा केला की फुटतो. जवळून बघाल तर नुसते चौकोन. लोक फ्लेक्सला नाक लावून भांडायचे. शेवटी गजूभाऊनं दुकानात भिंतीपासून दहा पावलं मोजली आणि फरशीवर ऑइल पेंटनं पांढरी रेघ ओढली. भिंतीवरचा फ्लेक्स रेघेमागूनच बघायचा, हा नियम.

आमचे शाळेतले सर स्वतःच्या सत्काराचा फ्लेक्स बघायला आले, आणि रेघ ओलांडून थेट भिंतीपाशी गेले. म्हणाले, गजानन, यात मी कुठं आहे?

"सर, तुम्ही मले दहा वर्षं मागच्या बाकावर बसवलं," गजूभाऊ म्हणाला. "तिथून तुम्ही चांगले दिसत होते."

सर गुपचूप रेघेमागे जाऊन उभे राहिले.

* * *

आता काकू. त्यांचा फोटो मोठा केला तर चेहऱ्याच्या जागी बारा-पंधरा चौकोन उरले. गजूभाऊ आठ दिवस त्याच्याशी झटत होता. मग त्यानं एआयचं नवं ॲप लावलं आणि चेहरा असा लख्ख आला की मीसुद्धा टाळी दिली. कोरीव मिशी, डोळ्यांत चमक.

काकूंनी तो पुष्कळ वेळ पाहिला. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल, फार हळू बोलल्या.

"माणूस चांगला आहे, बापू. पण हे आमचे नाहीत."

गजूभाऊचं तोंड उतरलं. मग त्यानं मूळचा, फुटलेलाच फोटो दाराएवढ्या फ्लेक्सवर छापला आणि भिंतीवर टांगला. काकू जवळ गेल्या, हात फिरवला, त्यांना काहीच ओळखू येईना. गजूभाऊनं त्यांना धरून सावकाश मागे आणलं. सात पावलं, आठ, नऊ. रेघेपाशी आल्यावर काकू थांबल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हो," म्हणाल्या. "मान अशीच वाकडी करायचे."

फ्लेक्सची गुंडाळी काखेत घेऊन त्या एसटीनं गेल्या. नंतर मला चुटपुट लागली. काकूंचं घर एका खोलीचं, दहा पावलं मागे जाणार कुठं?

महिन्याभरानं एका बारशाच्या फोटोंसाठी उंद्रीला गेलो, तेव्हा काकूंकडे डोकावलो. खोलीच्या भिंतीवर फ्लेक्स नव्हता. तो होता अंगणापलीकडे, गोठ्याच्या भिंतीवर, घराच्या दाराकडे तोंड करून. इकडे दारापाशी जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली, रेघेमागे दोन पाट. एकावर काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

मी फोटो बघायला अंगणात उतरलो, तर त्यांनी हाक मारली.

"तिकडं नको जाऊ, बापू. इथं बस."

आणि दुसरा पाट पदरानं पुसून त्यांनी माझ्याकडे सरकवला.