नळीला लावलेला चिमटा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, देवाला तर मुद्दाम नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी बिलोलीकडचा. सातवीतून शाळा सुटली आणि पोटासाठी लातुरात आलो, डाळ मिलमध्ये. तिथं एक दिवस पोत्यांची थप्पी अंगावर आली. ओटीपोटावर. आतली लघवीची पिशवी फाटली — नुसती फाटली नाही, तिचा एक भागच कामातून गेला. डॉक्टर मॅडमनी तिथं ठिगळ लावलं. जनावराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा, धुऊन स्वच्छ केलेला. शरीर त्याला परकं मानत नाही म्हणे. त्याच्यावर आपलंच मांस धरतं आणि ठिगळ हळूहळू विरून जातं. हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मला! माझ्याशी इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. ते ठिगळही त्यांनीच कुठून तरी खटपट करून फुकट मिळवलेलं.

अट एकच. लघवीच्या वाटेत घातलेली नळी तीन आठवडे उघडी. लघवी सारखी बाहेरच्या पिशवीत उतरली पाहिजे, आत साठता कामा नये. ताण आला की टाके सुटतील. चिमटा लावून नळी बंद करायची नाही, हे त्या तीनदा म्हणाल्या.

घरी सोडल्यावर चारच दिवसांत भाचीचं लग्न आलं. बहिणीला मी एकटा भाऊ. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं — आणि मामाच्या नव्या पँटीत मुताची पिशवी? भरली की फुगणार, दिसणार. मुहूर्त बारा पस्तीसचा. म्हटलं, अर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय. रिकामी पिशवी मांडीला बांधली आणि चिमटा लावला.

आपल्याकडं मुहूर्तावर लग्न लागतं का हो कधी? हे मला ठाऊक नव्हतं का? नवरदेवाची मिरवणूक मारुतीपासून हलेना. डीजे, नाचणारी पोरं. एक वाजला, दोन वाजले. पोट दगडासारखं. नवरदेवाकडचा एक पाव्हणा ओरडला, "मामा, लग्न तुमचं हाय का काय? लई लाजून राहिले!" सगळे हसले. मीही हसलो. मांडवामागं जाऊन चिमटा काढायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. नाही गेलो. कुठं चालले, असं कुणी विचारलं असतं — एवढीच भीती. अक्षता पडल्या तेव्हा साडेतीन झाले होते. त्याच्या जरा आधी आत काही तरी सुटलं, ताण एकदम गेला, आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं, बघा!

दुसऱ्या दिवशी ताप. पोट फुगलं. परत लातूर. मॅडमनी विचारलं, "चिमटा लावला होता का? रागावणार नाही. मला कळलं पाहिजे."

"न्हाई मॅडम."

मॅडम शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, ठिगळ धरलं नाही. पुन्हा ऑपरेशन — या वेळी माझ्याच आतड्याचा तुकडा कापून जोडला. आणि त्यांनी माझी माफी मागितली. माझी.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. शेजारच्या बायकांच्या वॉर्डात देगलूरची एक बाई होती. तिलाही ठिगळ लावायचं चाललेलं. तिचा नवरा माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, तुम्हाला लावलं होतं म्हणं ते. टिकतंय का?"

काय सांगणार होतो? एकदा न्हाई म्हणून बसलेलो.

"न्हाई टिकत," म्हणालो. "माझं बघा की."

त्यांनी ठिगळाला नकार दिला. तिचंही आतडं कापलं. लई दिवस उठली नाही. घरी जाताना तिच्या नवऱ्यानं माझ्या उशाशी केळी ठेवली — बरं झालं, खरं सांगितलं, म्हणाला. मी ती खाल्ली.

चिमटा नसता तर ठिगळ धरलं असतं का? मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही, आणि ते माझ्यामुळं. त्यानंतर त्यांनी ते कुणालाच लावलं नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

दर दिवाळीला मी त्यांच्याकडं फराळ घेऊन जातो. पाया पडतो. त्या विचारतात, काही लपवत नाही ना, काही त्रास?

मी म्हणतो, न्हाई मॅडम.