चार वाजताची गोळी

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीनं विचारलं, "आजी, तू आजोबांना तिथे का ठेवलंस? आपलं घर आहे ना?" मी "नंतर सांगते" म्हणाले आणि तुमच्या शाळेचं विचारलं. प्रश्न योग्य होता. उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा वाचून दाखवतील. आत्ताच लिहिते, कारण काय कशानंतर झालं ते मला अजून क्रमानं आठवतं. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही.

आजोबांना पार्किन्सन आहे. या आजारात गोळीची वेळ फार जपावी लागते. त्यांची आठ, बारा, चार आणि पुन्हा रात्री आठ अशी ठरलेली आहे. अर्धा तास उशीर झाला की ते जागच्या जागी थांबतात. कप तोंडाकडे नेताना हात मध्येच राहतो, उभं राहिलं तर पाऊल जमिनीवरून निघत नाही. घरी मी गजर लावून गोळ्या देत होते, ते जमत होतं. उचलणं जमत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात ते न्हाणीघरात पडले. माझ्या एकटीनं उठवणं होईना, शेवटी शेजारच्या बापलेकांना हाक मारली. त्या दिवशी आजोबाच म्हणाले, "आता जागा बघ. दोघंही पडलो तर हाक कोण मारणार?"

मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे पहिलं काम म्हणून वही आखली. किती माणसं, दिवसा सांभाळायला किती जणी, रात्री किती, नर्स शिकलेली आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, डॉक्टर कधी येतात, असे दहा रकाने. प्रत्येक रकान्याला पाच गुण, एकूण पन्नास. मग आजारी म्हाताऱ्यांना ठेवून सांभाळणाऱ्या दोन ठिकाणी फोन करून वेळ घेतली.

आजोबा खुर्चीतून ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झालेली. "फोन करून कशाला जातेस? आम्ही कालव्याच्या तपासणीला कधी सांगून जात नव्हतो."

"तो कालवा होता. ही माणसं आहेत. कुणाकडे न सांगता जायचं नसतं."

"मग कालव्यापेक्षा जास्त नीट बघायला हवं," ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

पहिली जागा कामठी रोडवर होती. हिरवळ, रुंद दरवाजे, भिंतीवर ड्यूटीचा छापील तक्ता. दाखवणारी मुलगी चटपटीत होती, माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देत होती. जागेला एक्केचाळीस गुण दिले. त्यातले काही तिच्या इंग्रजीचे होते. ते मी कोणत्या रकान्यात धरले, हे वही पुन्हा तपासूनही मला सापडलेलं नाही.

दुसरी जागा सक्करदऱ्याला, साधं दुमजली घर. चालवणाऱ्या बाई मूळच्या भिवापूरच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या आणि खोल्या अपुऱ्या म्हणून एक खाट जिन्यात आली होती. तक्ता नव्हता. न्हाणीघरात दांडा नव्हता. सिस्टर माझ्या वहीकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिक्षिका हाय वाटते. आम्हाले किती देल्ले?"

मी वही मिटली. सव्वीस दिले होते.

जेवायची वेळ होती, त्या जेवूनच जा म्हणाल्या. मी नको म्हटलं, तर त्यांनी सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, स्टीलच्या डब्यात भरून आजोबांसाठी दिल्या. आजोबांनी त्या सगळ्या खाल्ल्या आणि किती गुण दिलेस ते विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कामठी रोडवाल्यांना होकार कळवला. सोमवारी न्यायचं ठरलं.

राहिला तो डबा. आपल्याकडे कुणाचा डबा ठेवून घेत नाहीत आणि रिकामा परत करत नाहीत, हे तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलं असेलच. शनिवारी बेसनाचे लाडू केले, डबा भरला आणि ऑटोनं सक्करदऱ्याला गेले. फोन केला नाही. डबा परत द्यायला कुणी वेळ मागून जात नाही.

पोचले तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती आणि पाळी बदलत होती. सकाळची बाई पिशवी खांद्याला लावून तयार होती, पण निघाली नव्हती. नव्या बाईला घेऊन ती एकेका खाटेपाशी थांबत होती. "यायनं आज भाकर नाही खाल्ली वं, दूध देजो. यायची पाठ लाल दिसून राहिली, कुशीवर निजव." मग एका आजोबांपाशी आल्या. त्यांचा हात आपल्या आजोबांसारखाच थरथरत होता. "यायची चारची गोळी. मी देऊनच जातो." तिनं गोळी दिली, पाणी पाजलं, खाटेला दोरीनं बांधलेल्या वहीत वेळ लिहिली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

सिस्टरनं मला दारात पाहिलं. "डब्बा घेऊन आल्या? म्हणजे आम्हाले नापासच केलं तुम्ही. पास झालो असतो तर डब्बा आजोबायच्या संगंच आला असता."

"पाळी अशी रोज बदलते?" मी विचारलं.

"नाही तर कशी बदलते? मी दवाखान्यात तसंच शिकली. भिंत काही सांगत नाही मॅडम, माणूस सांगते."

रविवारी मी आजोबांची उशी घेऊन कामठी रोडला गेले. बरोबर चारला, न सांगता; सामान आधी पोचवायचं निमित्त. दारावरचा गार्ड म्हणाला, "मॅडम, अपॉइंटमेंट?" मी उशी दाखवली आणि आत गेले.

तक्त्यावर चौघींची नावं होती. मजल्यावर एकच मुलगी होती आणि चौदा खाटा. गोळ्यांचा ट्रे टेबलावर तसाच ठेवलेला. मी विचारलं तर ती म्हणाली, "दुसरी आली की वाटतो आजी. मी एकटी कुठं कुठं पुरू? तिची बस चुकली असंल." ती उद्धट नव्हती. तिच्या एका हातात पाण्याचा जग होता आणि दुसऱ्या हातानं ती एका आजींना सावरत होती. बाकीच्या तिघींपैकी एकीनं काम सोडलं होतं, एक दुसऱ्या शाखेत होती, एक यायची होती. तक्ता मात्र तोच होता. मी तिथेच थांबून राहिले. खिडकीपाशी एक गृहस्थ बसले होते. कप त्यांच्या हनुवटीखाली थांबला होता आणि चहावर साय आली होती. तोवर चार चाळीस झाले होते.

ती साय मी घरी अनेकदा पाहिली होती. उशी घेऊन परत आले.

आजोबांनी उशी पाहिली. "नापसंत?"

"तुमचं खरं होतं. सांगून जायला नको होतं."

"लिहून दे," ते म्हणाले. ते मी आज देते आहे.

सक्करदऱ्यात उणिवा होत्या, आणि त्या होत्याच म्हणून लिहिते. सोमवारी सकाळी मी कामठी रोडला नकार कळवला आणि सिस्टरना दांड्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठं लावू ते तुम्ही खूण करून द्या, सुतार आजच बोलावतो." मी खडूनं खूण केली. दांडा बुधवारी लागला, गुरुवारी आजोबा तिथे राहायला गेले. जिन्यातली खाट मला अजून पटलेली नाही. गरम पाण्याची तक्रार मी दोनदा केली, एकदाच सुधारली. आणि पहिला आठवडाभर आजोबा मला रोज विचारत, "आपण घरी कधी जायचं?" मी रोज म्हणत असे, "चारला येते." धाकटीच्या प्रश्नाचा हा भाग सोपा नाही आणि मी तो सोपा करून सांगणार नाही.

याला आता चौदा महिने झाले. मी रोज साडेतीनला ऑटो करते. सिस्टरचा डबा कधी त्यांच्याकडे असतो, कधी माझ्याकडे; रिकामा तो एकदाही गेलेला नाही. ती एक्केचाळीस आणि सव्वीसची वही कपाटात आहे, हवी तर घेऊन जा. आजोबांचं बोलणं जवळजवळ थांबलं आहे. तुमचे फोटो दाखवले तर बघतात, नावं घेत नाहीत. चार वाजता मात्र ते अजून स्वतः हात पुढे करतात, तळवा वर करून.